बॅटरी बदलवून पाय न गा!

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी)

आपल्या भंडारा जिल्ह्यात कुणाच्याही गाडीचं काहीही बिघडू द्या, बघायला चार माणसं जमतात आणि पाचवा न बोलावता येतो. त्यातून गाडीतला स्टिरिओ बंद पडला असेल, तर त्या पाचांपैकी तिघांचं तरी एकमत ठरलेलं असतं. "बॅटरी बदलवून पाय न गा!" बॅटरी बदलून झाली आणि तरीही गाणं वाजलं नाही, की पुढचा सल्ला तयार. "मंग टेपच गेला असन." तोही बदलायचा. मग अॅम्प्लिफायर, मग स्पीकर. एवढं सगळं नवं झाल्यावर कधीतरी गाणं वाजतं. पण नेमकं कशामुळे वाजलं, हे शेवटपर्यंत कुणालाच कळत नाही.

मला या लेखात एवढंच म्हणायचं आहे की ही पद्धत महाग आहे, अशास्त्रीय आहे आणि कधीकधी जिवावर बेतणारी आहे. आणि ती फक्त गावाकडच्या मंडळींची आहे असं समजू नका. आपल्या हॉस्टेलमध्ये काय चालतं? वूफर बंद पडला की अॅडॅप्टर बदला, कॉम्प्युटर अडकला की फॉरमॅट मारा, पंखा हळू फिरला की कपॅसिटर बदला. आधी मोजायचं, मग विचार करायचा आणि मग पान्याला हात लावायचा, हा क्रम भावी इंजिनिअरांच्या अंगवळणी पडलेला नाही. का पडलेला नाही, त्याकडे शेवटी येते. आधी स्टिरिओचंच बघू, कारण या एका साध्या विषयात आपल्या पहिल्या वर्षाचा अर्धा अभ्यासक्रम लपलेला आहे.

परदेशात कॅम्परव्हॅन नावाचा प्रकार असतो. (आपल्याकडे कॅम्पर म्हटलं की एकतर बोलेरो कॅम्पर आठवते, नाहीतर लग्नातला थंड पाण्याचा कॅम्पर!) ती म्हणजे झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. महाराष्ट्र शासनानेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. अशा गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनची, म्हणजे फक्त सेल्फ मारण्यासाठी. दुसरी घरातल्या कामाची, म्हणजे दिवे, पंखा आणि स्टिरिओसाठी. रात्रभर गाणी ऐकून दुसरी बॅटरी संपली तरी सकाळी गाडी सुरू व्हायला पाहिजे, हा त्यामागचा साधा हिशोब.

आता तुम्ही म्हणाल, आपला आणि कॅम्परव्हॅनचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो दिवाळीनंतर गावोगावी रस्त्यावर दिसतो. भाऊबीज झाली, धान कापून झाला की आपल्याकडे मंडई सुरू होते. मंडई म्हटली की दंडार आली आणि रात्रीचं नाटक आलं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांची ही झाडीपट्टी रंगभूमी. तिचं मुख्य केंद्र वडसा, म्हणजे देसाईगंज. २०२३ साली डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा पुण्या-मुंबईच्या लोकांना कळलं की इकडे रात्र रात्र नाटकं चालतात. आपल्याला ते लहानपणापासून ठाऊक आहे. तर या नाटकांची जाहिरात करत जी प्रचाराची गाडी फिरते, तीच आपली कॅम्परव्हॅन! मागे पडदा, वर भोंगे, आत स्टिरिओ आणि अॅम्प्लिफायर आणि सीटच्या मागे किंवा हौद्यात ठेवलेली दुसरी बॅटरी. ही बॅटरी बहुतेक वेळा घरच्या इन्व्हर्टरचीच असते.

ही निवड चांगली आहे, बरं का. इंजिनच्या बॅटरीत पातळ प्लेटा जास्त असतात, कारण तिला दोन-चार सेकंदच पण दीडशे-दोनशे अँपिअर द्यायचे असतात. ती वारंवार अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी याच्या उलट असते. एकदम मोठा करंट देणं हे तिचं काम नाही, पण तासन् तास थोडा थोडा करंट देत उतरत जाणं तिला मानवतं. तेव्हा स्टिरिओसाठी ट्यूब्युलर, सेल्फसाठी गाडीची, हे आपल्या लोकांनी कुठलंही पुस्तक न वाचता बरोबर हेरलेलं आहे. अडचण पुढे येते.

लाखांदूर तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या एका काकांची अशीच पिकअप आहे. सीझनमध्ये प्रचाराला, उरलेल्या दिवसांत लग्नाला. मागच्या सीझनला त्या गाडीने छळ मांडला. हळू आवाजात सगळं ठीक. आवाज वाढवला आणि ढोलकीची थाप पडली की स्टिरिओ गप्प. दोन सेकंदांनी आपोआप सुरू. पुन्हा थाप, पुन्हा गप्प. इंजिन चालू केलं की मात्र बऱ्यापैकी वाजायचं. गाडी चौकात उभी करून इंजिन बंद केलं की परत तेच.

विचार करा, ही लक्षणं ऐकून कुणालाही काय वाटेल? "इंजिन चालू असलं की चालते, म्हणजे बॅटरीतच दम नाही." एका दुकानात हेच सांगितलं गेलं आणि काकांनी नवी बॅटरी घेतली. फरक शून्य. मग स्टिरिओ बदलला. फरक शून्य. तोवर ऐन मंडईचे आठ-दहा दिवस हातचे गेले होते. मंडळवाले दुसरी गाडी लावून मोकळे झाले. वर्षाची कमाई ज्या दोन-तीन महिन्यांत होते त्यातले आठ दिवस म्हणजे काय, हे शेतकऱ्याच्या घरात वेगळं सांगावं लागत नाही.

शेवटी गाडी एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेली. मी सुट्टीत तिथेच होते, म्हणून माझा मल्टिमीटर घेऊन काकांबरोबर गेले. मिस्त्रींनी बॅटरीला हातच लावला नाही. हेडलाइटचा एक जुना बल्ब घेतला, त्याला दोन वायरी जोडलेल्या. आधी तो थेट बॅटरीवर लावला. लख्ख पेटला. मग गाणं मोठ्याने लावायला सांगून तोच बल्ब अॅम्प्लिफायरच्या टोकांवर लावला. बल्ब पिवळा पडला आणि थापेबरोबर मिणमिणायला लागला. मिस्त्री म्हणाले, "पोरी, करंट निंगते, पन पोचत नाई."

आमच्याकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला सरसकट 'कॉन्व्हेंट' म्हणतात. माझी मात्र खरोखरच सिस्टरांची होती. त्यामुळे 'व्होल्टेज ड्रॉप' हा शब्द मला आठवीपासून पाठ आहे. पण त्याची इतकी नेमकी व्याख्या मी तोवर ऐकली नव्हती. निघतो, पण पोचत नाही! माझ्या मीटरनेही तेच सांगितलं, फक्त आकड्यांत. ते आकडे मुद्दाम देते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

गाणं बंद असताना बॅटरीवर १२.५ व्होल्ट. गाणं बंद असतानाच अॅम्प्लिफायरच्या टोकावरही १२.५ व्होल्ट. म्हणजे सगळं उत्तम! दुकानात मीटर लावलं असतं तरी हेच दिसलं असतं. पण गाणं मोठ्याने लावून, म्हणजे साधारण २० अँपिअर वाहत असताना मोजलं, तेव्हा बॅटरीवर १२.१ आणि अॅम्प्लिफायरवर १०.१. दोन व्होल्ट वाटेतच गायब!

असं का होतं? ओहमचा नियम. जॉर्ज ओहमने १८२७ मध्ये मांडला, आपण तो दरवर्षी परीक्षेत लिहितो. करंटच नसेल तर रोधावर व्होल्टेज पडणार कसं? मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. त्यामुळे गंजलेला जोड असो की केसाएवढी एकच तार शिल्लक राहिलेली वायर असो, बिनलोडचा मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवणार. म्हणून नियम असा की दोष शोधायचा असेल तर लोड चालू ठेवून मोजा. मिस्त्रींच्या बल्बमध्ये आणि माझ्या मीटरमध्ये हाच फरक होता. बल्ब स्वतःच लोड आहे. ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर ओढतो, त्यामुळे त्याला फसवता येत नाही.

आता लक्षणांचा उलगडाही होतो. अॅम्प्लिफायर साधारण १० व्होल्टच्या आसपास आला की स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. थाप पडली, करंट वाढला, दहाच्या खाली गेला, बंद. बंद झाल्याबरोबर करंट शून्य, म्हणजे वाटेतली गळतीही शून्य. व्होल्टेज पुन्हा १२.५, म्हणून पुन्हा सुरू. इंजिन चालू असताना डायनॅमो (आपल्या पुस्तकातला अल्टरनेटर) बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट ठेवतो. त्यातून दोन गेले तरी अकराच्या वर उरतात आणि गाणं चालतं. म्हणजे 'इंजिन चालू असलं की चालते' हे निरीक्षण खरं होतं, पण त्यावरून काढलेला 'बॅटरी खराब' हा निष्कर्ष खोटा होता. निरीक्षण बरोबर आणि निष्कर्ष चूक, असं दवाखान्यात घडलं तर आपण किती बोंब मारतो!

मग ते दोन व्होल्ट गेले कुठे? हे शोधायची युक्ती अतिशय सोपी आहे आणि माझं मत आहे की ती पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तोंडपाठ पाहिजे. गाणं चालू ठेवायचं. मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी अॅम्प्लिफायरच्या प्लसवर. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट त्या वायरने खाल्ले. मग तेच मायनसच्या बाजूने. आमच्याकडे प्लसच्या बाजूला ०.९ आले आणि मायनसच्या बाजूला १.१.

प्लसचे ०.९ वायरीच्या जाडीमुळे. चार मीटर लांब वायर, जाडी दीड चौरस मिलिमीटर, म्हणजे घरातल्या दिव्याच्या फिटिंगची. तांब्याची विशिष्ट रोधकता घालून हिशोब केला तर रोध येतो सुमारे ०.०४६ ओहम. गुणिले २० अँपिअर. बघा, कागदावरही ०.९ च येतात! घरात २३० व्होल्टपैकी एक व्होल्ट गेला तर कुणाला पत्ता लागत नाही. पण बारा व्होल्टच्या जगात एक व्होल्ट म्हणजे बारा आण्यांतला एक आणा. घरची वायर गाडीत का चालत नाही, याचं उत्तर एवढंच आहे.

आणि मायनसचे १.१? मायनसची वायर अॅम्प्लिफायरशेजारी पत्र्याला एका स्क्रूने कसलेली होती. पत्र्यावर रंग, रंगावर गंज आणि गंजावर स्क्रू. त्या एका जोडाचा रोध ०.०५५ ओहम. ऐकायला किती किरकोळ! पण वीसचा वर्ग गुणिले ०.०५५ केलं तर येतात २२ वॉट. आपल्या लॅबमधला सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचा असतो. म्हणजे गाणं चालू असताना त्या स्क्रूखाली सोल्डरिंग आयर्न लावल्यासारखंच होतं, आणि स्क्रूच्या शेजारी पडद्याचं कापड! वायरमन मंडळी मायनसला 'अर्थ' म्हणतात. अर्थ नीट नसेल तर बाकी सगळं व्यर्थ.

दुरुस्ती काय केली? मिस्त्रींनी दोन्ही बाजूंना दहा चौरस मिलिमीटरची वायर थेट बॅटरीपर्यंत नेली. टोकांना लग दाबून बसवले. इंजिनच्या बॅटरीचा आणि दुसऱ्या बॅटरीचा मायनस चॅसीवर एकाच ठिकाणी, पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेल्या जागी जोडला. दहाच्या वायरीत जाऊन-येऊन आठ मीटरला २० अँपिअरवर ०.३ व्होल्टसुद्धा पडत नाहीत. गाणं सुरू झालं ते सुरूच राहिलं. जुनी बॅटरी आणि जुना स्टिरिओ, दोन्ही ठणठणीत निघाले!

याच कामात मिस्त्रींनी आणखी एक गोष्ट केली आणि तिच्याबद्दल मला जरा गंभीरपणे बोलायचं आहे. त्या गाडीत दुसऱ्या बॅटरीवर फ्यूजच नव्हता. मुळात होता, पण सारखा उडतो म्हणून कुणीतरी तिथे तांब्याची तार पिळून ठेवली होती. शिशाच्या बॅटरीत (१८५९ मध्ये गॅस्टन प्लाँतेने शोधलेली आणि अजूनही टिकलेली!) बारा व्होल्टच असल्यामुळे शॉक बसत नाही, म्हणून लोक तिला घाबरत नाहीत. पण शॉर्ट झाल्यावर ती शेकडो अँपिअर देते. दीड चौरस मिलिमीटरची वायर त्यात लालभडक होते. फ्यूज स्टिरिओ वाचवायला असतो हा आपला सगळ्यांचा गैरसमज आहे. बॅटरीजवळचा फ्यूज वायरीसाठी असतो. म्हणून तो बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात पाहिजे आणि त्याचा आकडा वायरीच्या जाडीवरून ठरला पाहिजे. स्टिरिओशेजारी फ्यूज लावला तर बॅटरीपासून तिथपर्यंतची सगळी वायर उघड्यावरच राहते.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या विभागाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्या आगीची आणि गाडीतल्या स्टिरिओची बरोबरी मला करायची नाही, ती करूही नये. पण त्या दिवसानंतर निदान आपल्या जिल्ह्यात तरी 'थोडं गरम होतंय, चालतं' हे वाक्य इतक्या सहज कुणाच्या तोंडी येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. गरम होणारा प्रत्येक प्लग, काळं पडलेलं प्रत्येक सॉकेट आपल्याला काहीतरी सांगत असतं. हॉस्टेलच्या एका बोर्डावर आपण इस्त्री, किटली आणि चार चार्जर लावतो तेव्हा तोच वीसचा वर्ग, तोच रोध आणि तोच स्क्रू असतो.

दोन बॅटऱ्यांच्या गाडीत आणखी काही नेहमीचे घोटाळे असतात. तेही थोडक्यात सांगते, कुणाच्या तरी घरी उपयोगी पडतील.

सकाळी सेल्फ लागत नाही, ही पहिली तक्रार. बहुतेकदा दोन्ही बॅटऱ्या थेट जोडलेल्या असतात. मग स्टिरिओ दोघींनाही रिकामं करतो आणि दुसरी बॅटरी ठेवण्याचा हेतूच संपतो. मध्ये रिले पाहिजे, जो डायनॅमो चार्ज करत असतानाच दोघींना जोडेल. काही जण रिलेऐवजी डायोड लावतात. चालतो, पण सिलिकॉन डायोड ०.६ ते ०.७ व्होल्ट स्वतः खातो, त्यामुळे दुसरी बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर काही नव्या गाड्यांत डायनॅमोचं व्होल्टेज इंजिनचा कॉम्प्युटर कमी-जास्त करतो. तिथे साधा रिले गोंधळतो आणि डीसी-टू-डीसी चार्जर लावावा लागतो. म्हणजे जुन्या गाडीचा उपाय नव्या गाडीला डोळे झाकून लावू नये.

दुसरी तक्रार, बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकत नाही. इथे बॅटरीला दोष देण्याआधी बेरीज-वजाबाकी करा. १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतून निम्मे वापरायचे म्हटले तर ५० उरतात. सरासरी १० अँपिअर जात असतील तर पाच तास झाले, संपला विषय. आणि प्रचाराची गाडी बैलगाडीच्या वेगाने फिरते. इंजिन मंद असताना डायनॅमो पूर्ण करंट देतच नाही. दिवसभर गाडी चालू होती म्हणजे दिवसभर चार्ज झाली, असं होत नाही. खात्री करायची असेल तर बॅटरी काही तास मोकळी ठेवून मोजा. १२.६ ते १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी.

तिसरी तक्रार, अॅक्सिलरेटरबरोबर भोंग्यातून सूंऽऽ असा आवाज येतो. स्टिरिओचा मायनस एका जागी आणि अॅम्प्लिफायरचा दुसऱ्या जागी जोडला की हे होतं. दोन जागांमध्ये जे काही मिलिव्होल्ट असतात ते ऑडिओच्या वायरीतून फिरतात आणि डायनॅमोचं गाणं आपल्याला ऐकवतात. दोघांचा अर्थ एका जागी आणा. आणि चौथी, स्टिरिओ दरवेळी स्टेशन विसरतो. स्टिरिओच्या मागे बहुधा पिवळी वायर कायमच्या सप्लायची असते आणि लाल चावीनंतरची. पिवळी चावीवर जोडली की बिचारा रोज सगळं विसरणार. स्टिरिओ नवा घेऊन काय होणार?

आता मूळ मुद्दा. मिस्त्रींना हे जमलं, मग आधीच्या दुकानाला का जमलं नाही? मला वाटतं, दोष एकट्या दुकानदाराचा नाही. डॉक्टर आपल्याला तपासतात, 'काही झालेलं नाही, आराम करा' म्हणतात आणि आपण निमूट फी देतो. पण मिस्त्रीने तासभर शोधून एक स्क्रू घासला आणि पैसे मागितले, तर आपण काय म्हणतो? "एक स्क्रू तर घासला, त्याचे एवढे?" तेच त्याने बॅटरी बदलली असती तर आपण न कुरकुरता हजारो रुपये मोजले असते. म्हणजे आपण पैसे वस्तूचे देतो, डोक्याचे देत नाही. मग वस्तू विकणारा वस्तूच विकणार. काकांनीही घासाघीस सुरू केलीच होती. दोन बदललेल्या वस्तूंची बिलं आठवल्यावर गप्प बसले आणि मागितले तेवढे दिले.

आणि आपलं कॉलेज? आपल्या प्रॅक्टिकलमध्ये किट आधीच जोडलेली असते. असिस्टंट सर तपासून ठेवतात. आपण बटण दाबतो, सहा रीडिंग घेतो, ग्राफ काढतो, जर्नल भरतो, सबमिशन होतं. वायर तुटलेली असेल तर किट बदलून मिळते. म्हणजे आपणही लॅबमध्ये 'बॅटरी बदलवून पाय' हेच शिकतो! चार वर्षांत आपण शेकडो चालू सर्किटं बघतो. पण नोकरीला लागल्यावर कारखान्यात, सबस्टेशनमध्ये, खाणीत आपल्याला बोलावतात ते बंद पडलेलं काहीतरी दाखवायलाच. चालू मशीन दाखवायला कुणी इंजिनिअरला फोन करत नाही.

काही मित्र म्हणतात, आता जमाना यूज अँड थ्रोचा आहे, शोधत बसण्यापेक्षा बदललेलं स्वस्त पडतं. काही बाबतीत हे खरंही आहे. मोबाइलच्या बोर्डावरची धुळीएवढी चिप शोधण्यात अर्थ नाही. पण बदलायचं तरी काय, हे शोधल्याशिवाय कसं कळणार? काकांनी बदललेल्या दोन्ही गोष्टी चांगल्या होत्या. शिवाय जे शहरात स्वस्त असतं ते लाखांदूरला आणायला एक दिवस आणि गाडीभाडं लागतं. वस्तू फेकणं परवडतं त्यांना ती लगेच मिळत असते, हे विसरू नये.

दुसरा आक्षेप आमच्या हॉस्टेलमध्ये नेहमी ऐकू येतो. "आपण इंजिनिअर होणार, वायरी घासायला थोडेच आलो?" याला माझं उत्तर एकच आहे. ०.०५५ ओहमला २२ वॉट होतात हे मिस्त्रींना सांगता येत नव्हतं, मला येत होतं. पण आधी शंका कुठे घ्यायची हे त्यांना येत होतं. ही दोन ज्ञानं एकमेकांची दुश्मन नाहीत. आयटीआयच्या मुलाला हाताने येतं आणि आपल्याला गणिताने येतं, म्हणून मध्ये भिंत बांधायची का?

म्हणून प्राध्यापक मंडळींना माझ्या तीन नम्र सूचना आहेत. एक, दर सेमिस्टरला निदान दोन प्रॅक्टिकलं बिघडलेल्या सर्किटची ठेवा. दोष सरांनी गुपचूप टाकावा आणि आम्ही शोधावा. दोन, मार्क उत्तराला कमी आणि वाटेला जास्त द्या. कोणतं रीडिंग आधी घेतलं, त्यावरून कोणती शक्यता खोडली, हे जर्नलमध्ये लिहायला लावा. अशी जर्नलं एकमेकांची कॉपी करून भरता येणार नाहीत, हा वरचा फायदा! तीन, वर्षातून एका शनिवारी भंडाऱ्यातल्या, साकोलीतल्या किंवा तुमसरातल्या एखाद्या अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनला वर्कशॉपमध्ये बोलवा. गेस्ट लेक्चरला येणाऱ्या मोठ्या पाहुण्यांना देतो तेच मानधन आणि तोच नारळ-शाल त्यांनाही द्या.

आणि मित्रमैत्रिणींनो, आपल्यासाठीही एक. साधा मल्टिमीटर आणि हेडलाइटचा जुना बल्ब, एवढं खोलीत ठेवा. कुणी 'बॅटरी बदलवून पाय' म्हटलं तर भांडू नका, फक्त विचारा, "लोडवर किती व्होल्ट आहेत, मोजलं का?" यंदाच्या मंडईला गावी जाल तेव्हा प्रचाराच्या गाडीचे भोंगे कुठेतरी ढोलकीवर गप्प होताना नक्की ऐकू येतील. तिथे थांबा, लोड चालू ठेवून मोजा आणि अर्थच्या स्क्रूपासून सुरुवात करा.